पाच पेनं आणि आजोबांची सही

बसा, चहा येतोच आहे. तोवर माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका, कारण माझी बायको रोझी सांगायला लागली की जरा जास्तच रंगवते.

माझं शाईच्या पेनांचं वेड तुम्हाला ठाऊक आहे. घरात बावीस आहेत, पण एका वेळी शाई भरलेली पाचच. दर रविवारी चर्चमधून आलो की दोन धुवायची, दुसरी दोन भरायची. हसू नका! मे महिन्याच्या उकाड्यात पाच पेनं लिहिती ठेवणं म्हणजे पाच पोरं सांभाळणं आहे. बारीक निबेत आमसुली शाई, जाड निबेत तांबड्या मातीची, दोन हिरव्या. आणि पाचवं पेन आरपार दिसणारं. त्यातल्या शाईला मी 'समुद्र' म्हणतो. सकाळी दहाच्या उन्हात तारकर्लीचं पाणी दिसतं ना, अगदी तो रंग!

तर झालं काय, लीनाचं, म्हणजे माझ्या भावाच्या मुलीचं, लग्न होतं. साक्षीदार मी. पोरीने लग्नाआधी एकच हट्ट धरला.

“अंकल, माका पणजोची सही बघूची आसा.”

तिचा पणजो म्हणजे माझे आजोबा, पास्कू. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारा माणूस, शाळेची पायरी चढलेला नाही. पण स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा अडून बसले, चर्चच्या चोपडीत अंगठा देणार नाही म्हणून! तीन महिने किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत बोटाने नाव गिरवत होते. लाट यायची, पुसून जायची, हे पुन्हा सुरू. शेवटी सही केली ती केलीच. आयुष्यात त्यांनी कागदावर लिहिलेलं तेवढंच. गोष्ट घरात सगळ्यांना पाठ, पण सही कोणीच पाहिली नव्हती.

घरातून निघताना रोझीने माझ्या खिशाकडे बघितलं.

“पाचय पेनां कित्याक? लगीन लीनाचा आसा, तुझ्या पेनांचा नाय!”

मी ऐकतो होय?

लग्न लागलं. सह्यांसाठी आम्ही चर्चमागच्या खोलीत गेलो. फादरांनी टेबलावर दोन चोपड्या उघडून ठेवल्या होत्या. एक नवी, सह्यांची. शेजारी जुनी, आजोबांची.

मी वाकून पाहिलं आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. वेडीवाकडी अक्षरं, शेवटचं तर रेघ सोडून खाली घसरलेलं. पण काळीभोर! काल लिहिल्यासारखी! खारा वारा, दमट हवा, इतके पावसाळे, आणि त्या माणसाचं नाव जागचं हललं नव्हतं. लीना तर चोपडीवर ओणवी झाली. एकेक अक्षर बोटाने हवेत गिरवायला लागली.

फादरांनी दौत आणि टाक पुढे सरकवला. “बायो, ह्या टाकान कर सही.”

इथे गप्प बसायचं ना? नाही! मी म्हटलं, “फादर, टाक कशाला? लीना, तुझी सही समुद्राच्या रंगात होऊ दे!” आणि खिशातून पाचवं पेन काढलं. टोपण उघडून निबेवर, शाईवर, रंगावर व्याख्यान सुरू. इतकं लांबलं की निब वाळून गेली.

लीनाने पेन टेकवलं. “अंकल, लिवणा नाय.”

आता मी हायस्कुलातला मास्तर. पेन झटकणाऱ्या पोरांना अख्खी हयात दटावत आलो. शिवाय मलाच ठाऊक की अर्धं रिकामं पेन तापलं की आतली हवा फुगते आणि शाई भसकन बाहेर येते. आणि हे पेन मिसाभर, म्हणजे लग्नाची अख्खी प्रार्थना होईपर्यंत, माझ्या छातीशी शिजत होतं. एवढं सगळं ठाऊक असलेल्या माणसाने काय केलं असेल?

झटकलं!

अर्धा समुद्र बाहेर आला. नव्या चोपडीवर थेंब नाही. सगळा जाऊन पडला जुनीवर, नेमका आजोबांच्या नावावर.

“पणजो गेलो!” लीना किंचाळली.

मी रुमाल काढून पुसायला लागलो. थेंबाचं तळं झालं. पेन अजून गळतंच होतं, म्हणून त्याच्या तोंडाला डावा अंगठा लावला. सही दिसेनाशी झाली. वाळूतलं नाव लाट पुसत होती, कागदावरचं मी पुसलं! मला रडूच फुटायचं बाकी होतं.

“मास्तरांनू, भिया नकात,” फादर शांतपणे म्हणाले. “आधी तो रुमाल बाजूक ठेवा.”

त्यांनी टिपकागद ठेवला. मग ओल्या कापसाने हलकेच टिपत गेले. एकदा, दोनदा, तीनदा. माझा महागडा समुद्र निमूटपणे कापसात उतरला आणि खालून आजोबा वर आले. काळेभोर, जसेच्या तसे! भोवती फक्त फिकट निळसर छटा राहिली.

“लोखंडाची शाई ही,” फादर म्हणाले. “कागदाक धरान बसता. आणि दौतीत आता आसा, तीय तीच.”

बावीस पेनांचा मालक मी, आणि ज्या दौतीला नाक मुरडलं तिच्यापुढे मान खाली घालून उभा! लीनाने टाकाने सही केली, नवऱ्या मुलाने केली. मग मी. इतकी जपून सही मी जन्मात केली नव्हती. फादरांनी समाधानाने मान हलवली. मी पान दाबून धरलेला डावा हात उचलला.

कागदावर, माझ्या सहीच्या अगदी शेजारी, निळाहिरवा ठसठशीत अंगठा!

फादरांनी चष्मा वर सरकवला. “मास्तरांनू, लोक सही करतत नायतर आंगठो देतत. तुमी दोनीय दिलात.”

मी कापसाकडे हात नेला, तर लीनाने धरला. “ऱ्हवांदे तो, फादर. माझ्या नातवंडांका दाखवूक होयो.”

म्हणजे बघा. आजोबांनी अंगठा टाळायला तीन महिने वाळू गिरवली. आणि मी त्यांचा शिकलेला नातू, खिशात पाच पेनं घेऊन गेलो आणि अंगठा देऊन आलो!