बाजार बंद झाला तेव्हा

नोकरीची पहिली काही वर्षं आमचं खरं उपकेंद्र बाजारात भरायचं. अक्कलकुव्याच्या आठवडे बाजारात, सुक्या मासळीवाल्या बाईच्या ताडपत्रीमागे. मी ब्राह्मणपुरीकडची, सपाटीवरची नर्स. माझ्या जोडीला डोंगरातल्या पाड्यावरची आशाताई. गरोदर बाया तपासणीसाठी चढ चढून उपकेंद्रात येत नसत, पण मीठ-तेलाला बाजारात उतरायच्याच. मग आशा गर्दीतून एकेकीला हुडकून आणायची, जुनं लुगडं आडवं धरायची आणि मी बीपी बघायची. मला भिली येईना, तिला पुस्तकी मराठी जमेना, म्हणून आम्ही अहिराणीत भांडायचो. कुणाला कधी दवाखान्यात न्यायचं हे तिथेच चहा पिता पिता ठरायचं. याला टीमवर्क म्हणतात हे मला एका प्रशिक्षणात कळलं. तोवर ते संपलेलं होतं.

कारण मोबाइलवर हजेरी आली. सकाळी आणि संध्याकाळी उपकेंद्राच्या दारात उभं राहून चेहरा दाखवायचा. नकाशावरच्या वर्तुळाबाहेर गेलं की गैरहजर. बाजारातल्या तपासणीची नोंद ‘ठिकाण जुळत नाही’ म्हणून परत यायची. शिवाय प्रत्येकीचे गुण वेगळे. माझे इमारतीत हजर असण्याचे, तिचे इमारतीपर्यंत बाई आणण्याचे. बैठकीत पडद्यावर माझं नाव हिरवं दिसायचं आणि तिचं लाल, आणि ती खाली मान घालून बसायची. मी साहेबांना बाजाराचं समजावून सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मॅडम, सिस्टिममध्ये बाजार नाही.’’ डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

आमचं बोलणंच तुटलं. भांडण झालं असतं तर परवडलं असतं, निदान समोरासमोर तरी आलो असतो. ती तिच्या पाड्यांवर बाया गोळा करत फिरायची, मी रिकाम्या खोलीत भिंतीवरची पोस्टरं वाचत बसायची. ग्रुपवर नुसते हजेरीचे फोटो आणि वरून आलेले आदेश.

त्यात ती पोरगी. पहिलटकरीण, आठवा लागलेला, पाय सुजलेले. आशाने महत्प्रयासाने तिला वर आणलं तेव्हा बीपी एवढं चढलेलं होतं की माझाच विश्वास बसेना. गोळ्या दिल्या आणि आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात चल म्हणून हातापाया पडले. नवरा म्हणाला, बाजार झाला की जाऊ. बाजार झाला की ऊसतोडीचा ट्रक गुजरातला निघणार, हे मात्र तो बोलला नाही. ते मला नंतर जीपवाल्याकडून कळलं. तिकडे फडात तिला झटके आले तर जवळ कोण असणार होतं?

बाजाराच्या दिवशी मी ठरवलं, हजेरी गेली खड्ड्यात. उपकेंद्राला कुलूप लावलं. आशाला मेसेज टाकला, ‘बाजारात ये, तिला तिथेच गाठू आणि थेट दवाखान्यात नेऊ.’ मिळेल त्या जीपने खाली गेले आणि मासळीवालीच्या मागे जाऊन बसले. येणाऱ्या प्रत्येक बाईचा चेहरा न्याहाळत होते. दुपार उलटली. ना ती आली, ना आशा.

परत आले तर आशा उपकेंद्राच्या पायरीवर एकटीच बसलेली.

‘‘मी तिले आठेच आणं. तू कोठे गयथी?’’

‘‘बाजारमा,’’ मी म्हटलं.

‘‘आपला बाजार ते बंद शे ना, ताई.’’

पाड्यावर रेंज नाही, मेसेज तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तिने मात्र त्या पोरीला कशीबशी समजावून बाजार चुकवायला लावला होता आणि तेवढा चढ चढवून माझ्या दारात आणलं होतं. दाराला कुलूप. दोघी उन्हं कलेपर्यंत पायरीवर बसल्या. मग नवरा शोधत आला आणि तिला पायवाटेने खाली घेऊन गेला. मला आशाचा राग आला, माझा आला, त्या वर्तुळाचा तर इतका आला की मोबाइल दरीत भिरकावावासा वाटला. पूर्वी हे एका चहात ठरलं असतं.

अंधार पडायच्या आत आम्ही त्या पोरीचा पाडा गाठला. ट्रक गेला होता. नवऱ्याचा फोन लागत नव्हता, टोळी नेणाऱ्या मुकादमाचं नावगाव कुणाला ठाऊक नव्हतं. घरात फक्त सासू होती, मका सोलत बसलेली. आशा तिच्याशी भिलीत बोलत होती आणि मी दोघींच्या तोंडाकडे बघत होते.

‘‘काय म्हणस ती?’’

‘‘गुजरातले गयात म्हणस.’’

‘‘गुजरातमा कोठे? गाव इचार ना तिले.’’

आशाने विचारलं. सासूने हातातलं कणीस खाली ठेवलं, जरा विचार केला आणि काहीतरी एकच शब्द बोलली.

‘‘ऊसमा,’’ आशा म्हणाली.