रिव्ह्यू कॉपी परत धाडली

माझं म्हणणं सरळ होतं आणि ते मी पत्रकात ठळक अक्षरात छापलं होतं. ज्या कंपनीला स्वतःच्या गेमची खात्री असते, ती परीक्षणाची सीडी आधी पाठवते. जिला खात्री नसते, ती सीडी कुरिअरवर ढकलते, कुरिअर पावसावर ढकलतं आणि गेम बाजारात येऊन पोरांचे पैसे गेल्यावर सगळ्यांना कंठ फुटतो. म्हणजेच उशिरा आलेली सीडी हा गेम सडका असल्याचा कबुलीजबाब आहे.

पत्रकं लिहिण्याची सवय मला कॉलेजच्या संघटनेत लागली. मेसच्या डाळीवर लिहिलं, एसटीच्या पासावर लिहिलं, ग्रंथालयाच्या कुलपावर लिहिलं. मग शहरात जिकडेतिकडे गेम पार्लर निघाली आणि मी गेमवरही पत्रक काढू लागलो. एकपानी, पाठपोट, पंधरवड्याला. कोल्हापुरातल्या पार्लरांत वाटून उरलेले गठ्ठे एसटीनं गारगोटी आणि पेठ वडगावला जायचे. खोलीमालक माझं टपाल घ्यायचा नाही, म्हणून पत्रकाखाली पत्ता छापखान्याचा. छापखानेवाले काका माझे पहिले वाचक. अक्षरजुळणी करतानाच वाचायचे आणि, चळवळीत हे फार दुर्मिळ, वाचलेलं खरं मानायचे.

माझ्या पत्रकाचा मुक्काम असायचा लक्ष्मीपुरीतल्या एका गाळ्यात. माझ्या मित्राच्या बायकोनं तिथं पार्लर काढलं होतं. मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला भावजी म्हणायची आणि खेळायला येणारी सगळी पोरं तिला अक्का म्हणायची. माहेर सीमेपलीकडचं, सासर शिरोळचं. गाळा सासऱ्यांचा. सासरे, म्हणजे आप्पा, ठिबकच्या पाइपांचे मोठे व्यापारी. कॉम्प्युटरच्या पडद्यावर माणसं पळवून पोट भरतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यात समोर नवं एसी पार्लर निघालं आणि वहिनीची निम्मी पोरं थंड हवेला गेली. आप्पांनी निकाल दिला: दिवाळीच्या सुट्टीत गाळा भरला तर राहू दे, न्हायतर पाडव्यानंतर इथं पाइप लागतील.

दिवाळीत येणारा गेम होता तांबड्या मातीतल्या कुस्तीचा. पुण्याच्या एका नव्या कंपनीनं काढलेला. वहिनीनं सगळं त्याच्यावर लावलं. दारावर बोर्ड रंगवून घेतला, ‘दिवाळीत इथे कुस्त्यांचं मैदान’. बक्षिसाला प्लॅस्टिकची गदा आणली. मला कंपनीचा फोन आला होता की रिव्ह्यू कॉपी आधीच पाठवतो, तुम्ही मोकळेपणानं लिहा. मोकळेपणानं लिहिण्याची परवानगी मला त्याआधी कुणी दिली नव्हती, त्यामुळे मी वाट बघत बसलो.

सीडी आली नाही. दसरा गेला. फोन केला तर पलीकडचा पोरगा म्हणाला, “सर, पाठवलीय.” पुन्हा केला तर म्हणाला, “सर, पुन्हा पाठवलीय.” हे असलं दोनदा ‘पाठवलीय’ मी विद्यापीठाच्या निकालाबाबत ऐकलेलं होतं. मी ओळखलं.

वहिनीला म्हणालो, “मैदान रद्द करा. गेम बाद हाय.”

“बघितला तुम्ही?”

“बघायला दिला न्हाय, तेच तर सांगालोय. वहिनी, लग्नात पंगत बसायच्या आधी आचारी वाटीभर रस्सा काढून जाणत्या माणसाला चाखायला देतो. जो आचारी वाटी द्यायला टाळाटाळ करतो, त्याचं पातेलं बिघडलेलं असतंय. पंगतीलाच कळतंय मग, तिखट किती आणि मीठ कुठं.”

वहिनी माउसच्या पोटातले गोळे काढून पुसत होती. मान वर न करता म्हणाली, “आमच्यात रस्सा नसतोय भावजी. आमच्यात हुग्गी असती, गव्हाची खीर. आणि नैवेद्य दाखवल्याबिगर हुग्गीला कुणी बोट लावत न्हाय. करणारीसुदीक चाखत न्हाय. म्हणजे आमच्या समद्या बायकांची हुग्गी नासकी म्हणायची का?”

“नैवेद्याची गोष्ट वेगळी.”

“कशी वेगळी? चव दिली न्हाय, एवढंच न्हवं? कुणी बिघडलंय म्हणून देत न्हाय, कुणी रीत म्हणून देत न्हाय. तुम्हास्नी बाहेरनं कसं कळणार ह्यो आचारी का ती बाई?”

वहिनीशी वाद घालण्यापेक्षा पत्रक लिहिणं सोपं होतं, म्हणून मी पत्रक लिहिलं. मथळा होता ‘कुस्ती लपवता कशाला?’ मजकुरात तीन ठिकाणी जाहीर निषेध होता आणि एका ठिकाणी ‘पुण्याच्या कंपनीनं कोल्हापूरच्या मातीला ओळखलेलं नाही’ असं होतं. हे वाक्य मला अजूनही आवडतं. गठ्ठे एसटीत गेले. शहरात मी सायकलवरून वाटले. वहिनीच्या दारावर मात्र डकवलं नाही, तेवढी लाज होती. गरजही नव्हती. समोरच्या एसी पार्लरवाल्यानं ते आपल्या काचेवर आतून बाहेरून डकवलं.

संध्याकाळी उरलेले कागद आणायला छापखान्यात गेलो. काका चष्मा कपाळावर चढवून बसले होते. या खेपेला जुळणी त्यांच्या माणसानं केली होती, त्यामुळे पत्रक ते तेव्हा कुठं वाचत होते.

“ही कसली सीडी आली न्हाय म्हणालास?”

“गेमची. रिव्ह्यू कॉपी.”

“कॉपी?” काकांनी चष्मा खाली घेतला. “कॉपी आलती की. दोनदा आलती.”

“मग?”

“मग काय? परत धाडली. पाकिटावर इंग्रजीत लिवल्यालंच हुतं, कॉपी म्हणून. पहिल्या खेपंला कुरिअरवाल्याला म्हटलं, पोरगा चळवळीतला हाय, त्येच्या नावावर असलं पाठवू नगा. दुसऱ्यांदा आला तवा जरा आवाज चढवावा लागला.”

इथं एक खुलासा केला पाहिजे. त्या वर्षांत आमच्याकडे कॉपी या शब्दाला दोनच अर्थ होते. एक परीक्षेतली, दुसरी घरी कोरलेली चोरीची सीडी. वहिनी ओरिजिनल सीड्या विकत घ्यायची आणि समोरचा एसीवाला सगळा कारभार कॉपीवर चालवायचा, म्हणून उन्हाळ्यात मी त्याच्याविरुद्ध एक जळजळीत पत्रक काढलं होतं. काकांनी ते फडताळातून काढलं आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं, “कॉपी दारात आली तर हात लावू नका, आल्या पावली परत करा.” मग म्हणाले, “ह्यात कुठं लिवलंय, ही कॉपी घ्या आन् ती नको?”

लिहिलेलं नव्हतं. पत्रक एकदम स्वच्छ होतं. इतक्या वर्षांत माझ्या एकाही पत्रकाची इतकी तंतोतंत अंमलबजावणी झाली नव्हती आणि झाली ती नेमकी माझ्यावर.

वहिनीला सांगायला गेलो. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, “मग आता गेम चांगला का वाईट?”

“आता काय कळायला मार्गच न्हाय.”

“मग कालपातूर कसं कळत हुतं?”

बाहेर तिच्या बोर्डाखाली दोन पोरं समोरच्या काचेवरचा माझा मथळा मोठ्यानं वाचत होती, आणि वाचून झाल्यावर रस्ता ओलांडून तिकडेच गेली. वहिनीनं ती गेलेली बघितली. मग म्हणाली, “मैदान हुणार. वाढल्यावरच कळंल, हुग्गी हाय का काय हाय ती.”

गेम आला त्या दिवशी तिनं दुकानातून रोख देऊन तो आणला आणि सगळ्या मशीनवर चढवला. पोरं आली ती थोडीच. त्यातली निम्मी माझं पत्रक खरं ठरतंय का ते बघायला आलेली. आणि गेम, मी शपथेवर सांगतो, भयाण होता. पैलवान लढताना डोक्याला फेटा. कोल्हापुरात या एका गोष्टीवर मोर्चा निघू शकतो. हलगी वाजत होती ती लग्नातली. आणि धोबीपछाड मारला की खालचा पैलवान पाठीवर पडायच्या ऐवजी जमिनीत रुतायला लागायचा. आधी कंबर, मग छाती, शेवटी मातीवर नुसता फेटा. पंच यायचा, वाकायचा आणि त्या फेट्यालाच विजयी करायचा.

मी जागेवरून उठून म्हणालो, “बघा. म्हटलं नव्हतं?”

कुणी माझ्याकडे बघितलं नाही. कोपऱ्यातला एक पोरगा खुर्चीवर उभा राहून ओरडत होता, “आरं, माझा गाडला. पार गाडला. अक्का, ह्यो जिंकला का हारला?”

“तुला काय वाटतंय?”

“गाडला त्योच जिंकलाय की. पंच सांगतोय न्हवं.”

“मग जिंकला,” वहिनी म्हणाली. तिनं रंगाचा डबा मागवला आणि बोर्डावर ‘कुस्त्यांचं मैदान’ खोडून लिहिलं, ‘पैलवान गाडायची स्पर्धा’.

दुसऱ्या दिवसापासून आत पाय ठेवायला जागा नव्हती. स्वतःचा पैलवान सगळ्यात आधी गाडून घेणारा विजेता. पोरांनी त्याचे डाव काढले, डावांना नावं दिली, वस्ताद झाली. पेठ वडगावची पोरं माझं पत्रक हातात घेऊन, त्यावरच्या छापखान्यात विचारत आली, कारण गेम इतका वाईट असेल तर तो बघितलाच पाहिजे असं त्यांचं म्हणणं. निषेधाचा असा उपयोग मला संघटनेत कुणी शिकवला नव्हता. एसीवाल्यानं गेमची कॉपी कोरून आणली, पण त्याच्या नव्या मशीनवर ती धड चालली. पैलवान जमिनीत जाईनात. एका दुपारीच पोरं परत इकडं आली.

पाडव्याला आप्पा आले ते पाइपांच्या मांडण्या करणाऱ्या सुताराला घेऊनच. दारात चपलांचा ढीग, त्यापुढे पाठीच पाठी. सुतार टेप हातात धरून बाहेरच उभा राहिला. आप्पांनी एका पोराच्या खांद्यावर हात ठेवला. “पावणं, जरा सरका. माझाच गाळा हाय.”

“नंबर लावा की आजोबा,” पोरगा मागं न बघता म्हणाला.

आप्पा थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग सुनेला विचारलं, “हे काय चाललंय?”

“पैलवान गाडाल्यात, मामंजी.”

“कशाला?”

“जिंकायला.”

आप्पांनी दारातल्या चपलांच्या ढिगावर नजर फिरवली. सुताराला म्हणाले, “उन्हाळ्यात बघू,” आणि त्याला उसाच्या रसाला घेऊन गेले.

पंधरवड्यात कंपनीची सुधारलेली सीडी आली. या खेपेला दुकानांत जायच्या कितीतरी आधी. काकांनी ती स्वतः सायकलवर आणून दिली. बरोबर चिठ्ठी होती: हलगी बदलली आहे, फेटे काढले आहेत, पैलवान आता जमिनीत जात नाहीत. मी एका मशीनवर खेळून बघितला. चांगला होता, अगदी मन लावून केलेला. शेजारच्या पोरानं वाकून बघितलं, विचारलं, “ह्यो गाडायचा न्हवं काय?” आणि आपल्या जागेवर गेला. मी त्यावर चांगलं लिहिलं. वेळेआधी आल्याचा खास उल्लेख केला. ते पत्रक कुणी काचेवर डकवलं नाही.

मग पार्लरवर पुण्याच्या कंपनीचा फोन आला. वहिनीनं उचलला. पलीकडचा पोरगा विचारत होता, मॅडम, नवी सीडी टाकली का.

“टाकली की,” वहिनी म्हणाली, “कपाटात टाकली.”