खानझोडेंच्या गाळीव बातम्या

मधुसूदन खानझोडे वर्तमानपत्र वाचायचे नाहीत, त्याच्याशी भांडायचे. आमच्या संशोधन संस्थेच्या कँटीनमध्ये रोज सकाळी हिंदी पेपर उघडला की त्यांचं सुरू व्हायचं. ऐकायला समोर कुणी असलंच पाहिजे असंही नव्हतं. संपादक, मंत्री, हवामान खातं, सगळ्यांना त्यांचा रोजचा दम. ते वर्ध्याचे, मी साताऱ्याचा. नोकरीपायी दोघंही लखनौला आलो आणि इंदिरा नगरात घरं बांधून इथलेच झालो.

मग काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. नोकरी त्यांनी मुदतीआधी सोडली, पेपर मात्र सोडवेना. नंदावहिनी चहाच्या वेळी वाचून दाखवायच्या. त्या माउलीनं एक उद्योग केला. खून, अपघात, मृत्यू, दवाखान्यांतले घोटाळे, नवऱ्याचं ब्लडप्रेशर वाढवील असं सगळं त्या बिनबोभाट गाळायला लागल्या. एकदा मी त्यांच्याकडे बसून एका बस अपघाताबद्दल बोललो. साऱ्या शहरात त्याची चर्चा होती. खानझोडेंना त्याचा पत्ता नव्हता. वहिनी आत निघून गेल्या आणि आम्हां दोघांनाही काय चाललंय ते कळलं.

"डोळे गेलेत माझे, अक्कल नाही गेली," ते म्हणाले. "मला काय कळू द्यायचं ते दुसऱ्यानं का ठरवायचं?"

त्या दिवसापासून एकच ध्यास. बातमी स्वतः वाचायची.

त्यांची मुलगी मुक्ता गुडगावला असते. घरी मराठी ऐकते, उत्तर हिंदीत देते, पण पोरगी गुणाची. तिनं बापाच्या कॉम्प्युटरवर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर घालून दिलं. माउस नाही, सगळा कारभार कीबोर्डवर. साठीच्या उंबरठ्यावर हा माणूस शाळकरी पोरासारखा कळा घोकत बसला आणि शिकला. मग शहरातली सर्वांत मोठी हिंदी न्यूज वेबसाइट उघडली. नाव घेत नाही, त्यांची जाहिरात मी का करू? मशीन बोलायला लागलं, "बटन. बटन. लिंक. चित्र. बटन." डोळसाला दिसतं की हे बटन खेळाचं, ते शहराचं. पण बनवणाऱ्यानं त्याला नावच दिलं नसेल तर मशीन बिचारं काय बोलणार? मध्येच एखादी जाहिरात उघडायची आणि तिच्यातून बाहेर पडायची वाट सापडायची नाही. एका बातमीपर्यंत पोचायला निम्मी सकाळ जायची.

खानझोडेंनी ईमेलचा सपाटा लावला. वर्ष उलटलं तरी उत्तर नाही. अखेर एक आलं, सही इंद्रजित शिर्के, डिजिटल संपादक. मराठी आडनाव ऐकून खानझोडे खुर्चीतून उठलेच. आपला माणूस आहे, आता काम झालंच, म्हणाले. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाची ही जुनी खोड. आडनाव ओळखीचं निघालं की माणूसही ओळखीचा वाटतो.

गोमती नगरच्या त्यांच्या काचेच्या ऑफिसात मीच त्यांना घेऊन गेलो. शिर्केचे वडील एअरफोर्समध्ये होते, पोरगा इथेच वाढलेला. मोठा गोड. "अंकल, आप बस बताइए, हम कर देंगे," म्हणाला. आणि खरं सांगतो, केलंसुद्धा. खानझोडे पुढे कित्येक आठवडे तिथे जाऊन इंजिनियर मंडळींशेजारी बसले. प्रत्येक बटनाला नाव द्या, मथळा मथळा म्हणूनच नोंदवा, फोटोखाली तो कशाचा आहे ते दोन शब्दांत लिहा, जाहिरात एक कळ दाबली की बंद होऊ द्या. रागावले, हसले, त्यांचे समोसे खाल्ले.

आणि एका सकाळी मी गेलो तर खानझोडेंच्या खोलीतून भांडणाचा आवाज. एकटेच होते. विजेच्या दरवाढीवरून कुणा मंत्र्याची खरडपट्टी चालली होती. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. मलाही भरून आलं. लपवायचं कशाला?

हे सुख जेमतेम हिवाळाभर टिकलं. मग वेबसाइटनं नवं रूप घेतलं, आणि त्याच सुमारास शिर्केनं अंकलना सन्मानानं बोलावून घेतलं. दृष्टिहीन वाचकांसाठी खास वेगळं पान सुरू होत होतं. स्टेज, शाल, नारळ, टाळ्या. शिर्के माइकवर म्हणाला, या पानावर आम्ही फक्त सकारात्मक बातम्या देणार आहोत. भजनं, आरोग्य, प्रेरणादायी माणसं. आपल्या या बंधूंच्या आयुष्यात आधीच पुरेसा अंधार आहे.

खाली उतरल्यावर खानझोडेंनी मुख्य पानाचं विचारलं. नव्या डिझाइनमध्ये जुन्या सोयी बसल्या नाहीत, तो म्हणाला. "पर अंकल, उसकी आपको अब ज़रूरत ही क्या है? आपका अपना पेज है ना."

मी चिडलो, आवाजही चढवला. खानझोडेंनी माझा दंड धरला आणि घरी चला म्हणाले. घरी येऊन मुख्य पान उघडलं. "बटन. बटन. लिंक. बटन." त्यांनी पुन्हा ईमेल लिहायला घेतले. या खेपेला उत्तरं लगेच यायची, जोडलेल्या हातांच्या चित्रासकट, आणि होत काहीच नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी वहिनी भाच्याच्या लग्नाला नागपूरला गेल्या. मी मुलाकडे पुण्यात होतो. खानझोडे रोज पहाटे पांढरी काठी घेऊन कोपऱ्यावर दूध आणायला जात. रस्ता पायाखालचा. आमच्या गल्लीत पाण्याची पाइपलाइन टाकायला रात्रीतून खणणार, रहिवाशांनी जपून जावं, ही बातमी आदल्या संध्याकाळी त्याच वेबसाइटच्या मुख्य पानावर आली होती. खास पानावर नव्हती. सकारात्मक नव्हती ना! कंत्राटदाराच्या माणसांनी खणलं, साधी दोरीसुद्धा बांधली नाही आणि निघून गेली. खानझोडे खड्ड्यात पडले. खुब्याचं हाड मोडलं. दूधवाल्यानं ओरडणं ऐकलं म्हणून निभावलं.

मी पुण्याहून धावत आलो. ऑपरेशन झालं होतं, पण आता वॉकरशिवाय चालणं नाही, आणि एकट्यानं तर बाहेर पडायचंच नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. शिर्के फुलांचा गुच्छ घेऊन दवाखान्यात येऊन गेला होता. घरी आणल्यावर खानझोडेंनी लॅपटॉप मागितला. मांडीवर ठेवून त्यांनी ते खास पान उघडलं. पहिलीच बातमी त्यांची होती.

मशीन एकसुरी आवाजात वाचत गेलं. अंधारावर मात करणारे मधुसूदनजी. वेदनेतही चेहऱ्यावर हसू. काठीच ज्यांची मैत्रीण. दुर्घटनेनंतरही खचले नाहीत. सगळं पान त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग पहिल्यापासून पुन्हा ऐकलं. मी शेजारी बसून ऐकत होतो. खड्डा हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

तेवढ्यात शिर्केचा फोन आला. आवाज खुशीत होता. हजारो लोकांनी स्टोरी शेअर केलीय, लोक तुम्हाला भेटायचं म्हणताहेत, म्हणाला. खानझोडेंनी फोन स्पीकरवर ठेवला आणि मराठीतच विचारलं.

"इंद्रजित, खड्डा कुणी खणला ते का नाही लिहिलं?"

तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "अंकल, वो नेगेटिव हो जाता। आपके पेज के पाठकों को तकलीफ़ होती।"