कागदावरची शांत वस्ती

मागचं दार कोणीतरी ओढून पाहत होतं. नीरजाने स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि घरात चार लहान मुलं होती. चौघंही दुसऱ्यांची, विश्वासाने तिच्याकडे सोडलेली. आधी तिला वाटलं, वारा असेल. ट्रुगानिना या उपनगराच्या कडेला ही नवी घरं उभी राहिली, त्यांच्यापुढे नुसता माळ, वारा दारं हलवतोच. मग काचेपलीकडे टोपी दिसली आणि हातातला स्क्रूड्रायव्हर दिसला.

तिने एकाला कडेवर घेतलं, बाकीच्यांना पुढे घातलं आणि कपडे धुण्याच्या खोलीत शिरून कडी लावली.

"आपण लपाछपी खेळतोय हं," ती कुजबुजली. "बोलेल तो आउट."

तीन वर्षांच्या ऋतिकाने तिच्या कानाशी तोंड आणलं. "काकू, हू इज फाइंडिंग अस?"

नीरजाने तिच्या ओठांवर बोट ठेवलं.

खरं तर मुलांना गप्प बसवणारी बाई नव्हती ती. सांगलीत बालवाडीत शिकवायची, तेव्हा तिने एकेका गोष्टीत वाघ, ससा आणि राजा तिघांचे आवाज काढून वर्ग डोक्यावर घेतलेला. नवऱ्याबरोबर, हृषीकेशबरोबर, इथे परदेशात आली ती पंचेचाळिशी गाठून. तो गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. हिने इंग्रजी शिकून, दोनदा नापास होऊन, परीक्षा पास केली आणि घरात पाळणाघर चालवायचं लायसन मिळवलं. आईबाप दोघंही शिफ्टला जाणाऱ्या त्या वस्तीत नीरजाकाकू म्हणजे मोठा आधार होता.

दहा मिनिटांनी तो माणूस निघून गेला. कडीवर ओरखडे तेवढे राहिले.

"गेला ना? मग विषय संपव," हृषीकेश संध्याकाळी म्हणाला. "पोलिसांत गेलीस की पाळणाघरांच्या सरकारी ऑफिसातून माणसं येतील. घर सुरक्षित नाही म्हणून लायसन काढून घेतलं तर?"

"अहो, पण मुलं होती घरात."

"म्हणूनच म्हणतोय."

तिच्याही मनात तेच होतं, हे तिला कबूल करवलं नाही. तिने मागच्या दारावरच्या कॅमेऱ्यातला तुकडा वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "मागच्या दाराशी कोणीतरी होतं, सांभाळा." मुलांचा किंवा वेळेचा उल्लेख केला नाही. बेचाळीस जणांनी हात जोडले.

त्या दिवसापासून भीती घरात राहायला आली. मायक्रोवेव्ह वाजला तरी नीरजा दचकायची. मुलांना बागेत नेणं बंद झालं. पडदे दिवसाढवळ्या ओढलेले. गोष्ट सांगता सांगता वाघाचा आवाज मध्येच बसायचा आणि मुलं तोंडाकडे बघत राहायची.

सहा आठवड्यांनी, शनिवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये पोलिसांची सभा होती. शहराच्या कडेच्या कमी मिळकतीच्या वस्त्यांसाठी राज्य सरकार खास पैसे देत असे. त्यातून इथल्या दोन जादा पोलिसांचा पगार निघे, आणि त्यांची गाडी दिवसातून दोनदा फेरी मारी. नीरजा त्या दोन फेऱ्यांची वाट बघत दिवस काढायची.

"जूनअखेर हे पैसे बंद होण्याची शक्यता आहे," सार्जंट बाई म्हणाल्या. उंच, दमलेल्या, बोलायला सरळ. "वर्षभरात तुमच्याकडून सात तक्रारी आल्या. कागदावर तुमची वस्ती शांत आहे. पगार जिथे गरज दिसते तिथे जातो."

"सात?" ग्रुप चालवणारा विवेक फोन उंचावून उभा राहिला. "आमच्याकडे साठ व्हिडिओ आहेत."

"कुठे पाठवलेत?"

"ग्रुपवर."

"कोणाच्या?" त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

कोणी हसलं नाही. एकाची पीआरची, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याची, फाइल अडकलेली, एकाला घर विकायचं होतं, एकीला विम्याचा हप्ता वाढेल ही धास्ती. बिचारी माणसं. उभं आयुष्य पोलीस या शब्दापासून लांब राहण्यात घालवलेलं, इथे आल्यावर ती सवय कुठे टाकणार?

"जुनी घटनाही आज नोंदवता येईल," असं म्हणून सार्जंटबाईंनी टेबलावर फॉर्म ठेवले. माणसं चहाकडे वळली.

नीरजा उठली.

"अगं, चहा तरी घे आधी," हृषीकेश म्हणाला. तिने ऐकलं नाही. टेबल फार लांब वाटत होतं.

तारीख लिहून झाली, वेळ लिहून झाली. "घरात कोण होतं?" सार्जंटबाईंनी विचारलं.

मी एकटी, एवढं म्हटलं की सुटका होती. तक्रारही नोंदली गेली असती आणि लायसनही राहिलं असतं. पण अर्धंच सांगायचं तर ते ग्रुपवर सांगून झालंच होतं.

"चार मुलं," नीरजा म्हणाली. "सगळ्यांत मोठं तीन वर्षांचं."

मागे कप बशीवर ठेवल्याचा आवाज झाला. ऋतिकाची आई मिताली उभी होती.

"सहा आठवडे, काकू?"

"हो."

"मी रोज विचारायचे, दिवस कसा गेला. तुम्ही म्हणायचात, छान."

मिताली निघून गेली. थोड्या वेळाने विवेक शेजारी येऊन खाकरला. "काकू, तुमचं झालं की पेन द्या." त्याच्यामागे आणखी तिघं होते.

रविवारी नीरजाने स्वतः ऑफिसला कळवलं, बाकी तिन्ही घरी फोन केले. सोमवारी दोन मुलं आली. मितालीचा मेसेज होता: "या आठवड्यात नाही. पुढचं बघू." विवेकने लिहिलं होतं, तक्रारी एकतीस झाल्या, निर्णय जूनमध्ये.

अकरा वाजता ऑफिसची तपासणी करणारी बाई आली. तिने कडी पाहिली, खोल्या पाहिल्या, फोटो काढले. लायसनचं काय, ते पंधरा दिवसांनी कळणार होतं. जाता जाता तिने वहीवरून मान वर केली.

"तुम्हाला अजून भीती वाटते?"

हृषीकेश मागून खुणावत होता, नाही म्हण.

"हो," नीरजा म्हणाली. "तेही लिहा."