दातांच्या दवाखान्यातला शेवटचा नंबर

टोकनबाईंनी आवाज दिला की दुखणारी दाढसुद्धा क्षणभर ठणकायची थांबते, असं त्या दवाखान्यात दात काढून घेतलेले लोक सांगतात. बावीस वर्षं बाई दातांच्या डॉक्टरांकडे खिडकीमागे बसतात, पितळी टोकन वाटतात आणि आकडे पुकारतात. सख्ख्या जावयालाही त्या एकदा भर पंगतीत 'सात नंबर' म्हणाल्या होत्या. बाकीचा वेळ 'शांत बसा' या दोन शब्दांवर त्यांचं भागतं. खिडकीवर त्यांच्या हातची पाटी आहे : 'कालचा नंबर आज चालणार नाही.' गाल सुजलेले एक न्यायाधीश एकदा कालचं टोकन घेऊन आले, त्यांनी दुखऱ्या तोंडाने कायद्याची बाजू मांडली, दातांच्या कण्या केल्या. बाईंनी फक्त पाटीकडे बोट दाखवलं. साहेब निमूट रांगेच्या शेपटाला जाऊन बसले.

अशा बाईंच्या गळ्यात नऊ मुक्या मुलांचं लचांड पडलं ते भाचीमुळे. बहिणीची ही लेक सोळा वर्षांची. घरात तोंडाचा पट्टा अखंड चालू, पण उंबरठा ओलांडला की दातखीळ. वर्गात 'हजर' म्हणायच्या धास्तीने तिची शाळा बुडू लागली, मैत्रिणी एकेक करून गळाल्या, आणि वर्षभरात तिला आलेले दोन्ही फोन राँग नंबर निघाले. शाळेच्या समुपदेशकाने अशाच नऊ मुलांचा गट जमवला होता. भला माणूस, पण पाणी द्यायला आलेल्या शिपायालाही 'कसं वाटतंय?' विचारायचा, म्हणून सगळे त्याला कसं-वाटतंय सर म्हणत. तो मुलांना शाळेच्या हॉलमध्ये गोल बसवून मऊ चेंडू टाकायचा. ज्याच्या हातात चेंडू, त्याने मन मोकळं करायचं. भाचीच्या हातात चेंडू आला, तेव्हा ती उठली आणि चेंडू घेऊन घरी गेली. तो चेंडू अजून तिच्या कपाटात आहे.

पुढे शाळेला तो हॉल बॅडमिंटनसाठी हवा झाला. डॉक्टरांनी गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, दवाखान्याची बाहेरची खोली देऊ केली. किल्ली बाईंकडे. भाचीने आईला निक्षून सांगितलं, मावशी आहे म्हणून एकदा जाईन, नाही जमलं तर पुन्हा कधी कुठेच जायचं नाव काढायचं नाही. बहीण फोनवर रडली. बाई म्हणाल्या, "रडू नकोस, पाठव. खाणार नाही मी तिला."

गुरुवारी पहिली आफत खुर्च्यांची. त्या भिंतीलगत ओळीने जमिनीत बोल्टने आवळलेल्या, समोर माणसाएवढ्या दाढेचं चित्र. त्या गोल कशा मांडणार? सरांनी दहा मिनिटं एका खुर्चीशी कुस्ती केली आणि हरून स्टुलं शोधायला आत गेले. आत त्यांचा पाय डॉक्टरांच्या मोठ्या खुर्चीच्या पेडलवर पडला. नेमके त्याच वेळी ते तिच्यावर टेकले होते. खुर्ची आडवी झाली, सर पाय वर करून उताणे, आणि हाक मारायची लाज वाटून तसेच पडून राहिले.

बाहेर मुलं एकेक करून आली, तोंडात मिठाची गुळणी धरून. बाईंच्या हाताला बावीस वर्षांची सवय, त्यांनी प्रत्येकाला टोकन दिलं. मुलांनी मनातल्या मनात एकच अर्थ काढला : नंबराप्रमाणे बोलायला लावणार. एक नंबरच्या उंच मुलाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

दवाखान्यात लोक पुढच्या नंबरासाठी जीव टाकतात. इथे उलटी गंगा. उंच मुलाने पाच मिनिटं धीर गोळा केला आणि शेजारच्या सहा नंबरला विचारलं, बदलतोस का. सहा नंबर नाही म्हणाला, मात्र त्याने आठ नंबरकडे खडा टाकून पाहिला. बघता बघता खोलीत बाजार भरला. दोन नंबरच्या मुलीने आठसाठी आपली छत्री देऊ केली.

बाईंचं तोंड आपोआप उघडलं. "शां..." बाहेर पडलं. नऊ माना खाली गेल्या. तेवढ्यात बाईंना दिसलं की तीन नंबरवाली भाची अर्धवट उठली आहे आणि आता परत बसणार आहे. बाईंनी उरलेला शब्द गिळला आणि क्षयरोग्यासारखा खोकला काढला. बाजार पुन्हा सुरू झाला.

भाची कोपऱ्यातल्या एका चष्मेवाल्या मुलीपाशी गेली. शेवटचा, नऊ नंबर तिच्याकडे होता.

"शेवटचा घेऊ नकोस," भाची हळूच म्हणाली. "शेवटच्याकडे सगळे टक लावून बघतात. मधल्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. माझा अभ्यास आहे."

"मग तुला कशाला हवाय?"

भाचीला थाप सुचली नाही. "नऊपर्यंत वेळच उरत नाही."

"म्हणजे फसवत होतीस मला."

"हो."

चष्मेवालीला हसू फुटलं, मग उंच मुलाला, मग ओळीने सगळ्यांनाच. "घे," ती म्हणाली. "पण तीनकडे कुणी बघत नाही ना नक्की?"

आतून सरांचा क्षीण आवाज आला, जरा कुणी येता का. चौघांनी मिळून त्यांना उठवलं. उठता उठता त्यांनी कसं वाटतंय विचारलं, तेव्हा सहा नंबर म्हणाला, तुम्हालाच कसं वाटतंय ते सांगा आधी.

मग बाईंनी आकडे पुकारले आणि मुलं आपापल्या खुर्चीतून, दाढेच्या चित्राकडे बघत बोलली. दाढेला काय, बावीस वर्षं ती ऐकतेच आहे. पाच नंबरपर्यंत वेळ संपली. भाचीचा अंदाज खरा ठरला. ती न बोलता गेली, टोकनसकट.

रात्री बहिणीने विचारलं, बोलली का? बाई म्हणाल्या, नंबरच आला नाही गं.

आठवडाभर बाईंनी आठनंतर दहा पुकारलं. एका पेशंटने नऊचं काय झालं असं विचारलं, त्याला शांत बसवलं. टोकन कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं, पण मागायला जीव धजेना. घरून आईच्या हाती परत आलं असतं, तर सगळंच संपलं असतं.

पुढच्या गुरुवारी आठ मुलं आली, आपापलं टोकन घेऊन बसली. दहा मिनिटं गेली. बाईंनी तिसऱ्यांदा खिडकीची काच पुसली. मग दार ढकलून भाची आली आणि तिने टोकन खिडकीत ठेवलं.

"मावशी, माझा राहिलाय."

चष्मेवालीने पाटी वाचून दाखवली, कालचा चालत नाही.

"हा कालचा कुठाय? गेल्या आठवड्याचा आहे."

हा मुद्दा न्यायाधीशांनाही सुचला नव्हता. बाईंनी टोकन उचललं, पदराला पुसलं, आणि नाक ओढून घेत खणखणीत आवाज दिला, "नऊ नंबर."

भाचीचा रंग उडाला. "आत्ता? पहिलाच?"

"राहिलेला आधी. बस."

भाची जाऊन बसली, दाढेकडे पाहिलं, आणि चष्मेवालीकडे कलून म्हणाली, "बदलतेस का?"