देवमाशाचा उजवा हात

संग्रहालयात त्यांना सगळे हाडवैद्य म्हणत. सांगाडे पुसायचे, निखळलेलं हाड तारेनं बसवायचं, एवढंच त्यांचं तीस वर्षांचं काम. रुग्णांपैकी एकानेही कधी कुरकुर केली नाही, त्यामुळे वैद्यबुवा खुशीत असत.

एकच दुखणं होतं. मोठ्या दालनात छताला टांगलेला देवमाशाचा सांगाडा त्यांच्या सासऱ्यांनी जोडला होता. देवमासा हा मासा नव्हे, त्याच्या परांच्या आत आपल्यासारखीच हाताची बोटं असतात, हे माणसाला उमगायला शतकं लागली. त्या शोधाची ऐटदार पाटी खाली लावलेली, आणि वर दोन्ही हातांची चक्क अदलाबदल! अंगठे तोंडाकडे हवेत, ते शेपटीकडे. हाडवैद्यांना हे कळून वीस वर्षं झाली होती. पण बोलायची सोय नव्हती. बायको येईल त्या पाहुण्याला तिथे न्यायची आणि मान ताठ करून सांगायची, "हा माझ्या बाबांनी टांगलाय."

यंदा दालनाच्या रंगकामासाठी सांगाडा खाली उतरला. हाडवैद्य महिन्याभरात निवृत्त होणार होते. आता नाही तर कधीच नाही. सकाळी चहा पिता पिता त्यांनी बायकोला एका दमात सगळं सांगून टाकलं.

तिने कप खाली ठेवला. "वीस वर्षं गप्प बसलात?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलंच. पण बाबांना भिंतीत वाकडा खिळासुद्धा खपत नसे. बदला तुम्ही. मी येते बघायला."

ती खरंच आली. हाडवैद्यांनी जीव मुठीत धरून उजव्या खांद्याचा बोल्ट सोडवला. हाड बाजूला झालं. सांध्याच्या आत पेन्सिलीने लिहिलेलं सासऱ्यांचं टपोरं अक्षर होतं: 'हात उलटे बसले. शेवटचा बोल्ट लावताना कळलं, आणि बांबूंची परांची काढायला माणसं आली. पुढच्या माणसा, तेवढं बदल.'

बायको हसता हसता डोळे पुसू लागली. "बाबा तुमची वाट बघत होते हो! आणि तुम्ही त्यांची अब्रू सांभाळत बसलात!"

हाडवैद्यांना एकदम हलकं वाटलं. बायकोने त्यांच्या कानावरची पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली. सासऱ्यांच्या ओळीखाली त्यांनी लिहिलं, 'बदललं, बाबा. तुमचा जावई.' मग दोन्ही हात आपापल्या बाजूला बसवले आणि बोल्ट घट्ट पिळला.