कार्टनला मारलेली गाठ

आधीच माफी मागतो. इथे लिहिणारे सगळे अनुभवी, मी साधा कॉलेजातला मुलगा; शाळेतल्या निबंधानंतर मराठीत एवढं कधी लिहिलेलं नाही. त्यातून बाळंतपणाबद्दल मी काय बोलणार... पण कोणाला तरी सांगायलाच हवं. आणि एक – भूतखेत, शकुन-अपशकुन मी कधीच मानले नाहीत. आज विचाराल तर नक्की सांगता येणार नाही.

मी दुबई सिलिकॉन ओएसिसजवळच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. राहतो इंटरनॅशनल सिटीत, ताईच्या स्टुडिओ फ्लॅटमध्ये. भावोजी समुद्रात ऑइल रिगवर, तिकडे फोन लागला तर लागला. त्यांनी तारखेप्रमाणे रजा धरली होती, बाळानंच घाई केली. आई रायगडला, गावी. तिचा व्हिसा अडकलेला. बाबा होडीवर मासेमारी करायचे. मी बारावीत असताना ते गेले.

ताईनं हॉस्पिटलचा मिडवाइफ विभाग निवडला होता. जिची तब्येत ठीक, कसली गुंतागुंत नाही, तिचं बाळंतपण तिथे मिडवाइफच करतात. गरज पडली तर डॉक्टर एका दारापलीकडे. पहिल्या तपासणीपासून केरळच्या सुजा सिस्टर होत्या. ताईचा हट्टच होता, बाळ होणार ते त्यांच्याच खोलीत.

"ऑपरेशन झालं तर मला उठवून बसवायला कोण आहे इथे? तू? तुला साधा चहा येत नाही!"



कळा सुरू झाल्या त्या दिवशी दुपारपर्यंत सगळं छान चाललं होतं. सुजा सिस्टर तिला आडवं पडूच देत नव्हत्या. चालवत होत्या, मोठ्या बॉलवर बसवत होत्या, मधेमधे हातातल्या छोट्या मशीनवर बाळाचे ठोके ऐकत होत्या. मग सगळं अडलं. कळा येत होत्या, पण बाळ पुढे सरकेना.

सिस्टर बाहेर आल्या. "बच्चे का हार्टबीट एकदम अच्छा है. थोडा और देखते हैं. नहीं हुआ तो डॉक्टर के साइड शिफ्ट करेंगे."

"मी कुठेही जाणार नाही!" आतून ताई.

"यल्ला मॅडम, तो फिर चलो!" म्हणत सिस्टर परत आत.

शिफ्ट म्हणजे ऑपरेशनच असं नसतं, पण ताईला तेच दिसत होतं. मी आईला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न – "घरात काही बांधून ठेवलंस का रे?"

आमच्याकडे बाई अडली की घरातल्या सगळ्या गाठी सोडतात, डब्यांची झाकणं काढतात. आई महिनाभर बजावत होती. आणि मी आदल्याच दिवशी गावी पाठवायचं कार्टन भरून त्याला दोरी मारली होती. खजूर, दूध पावडर, आईसाठी ब्लँकेट... कार्गोवाला येणार होता ना. गाठ बाबांनी शिकवलेली, होडी बांधायची. ओढाल तितकी घट्ट बसते. मला स्क्रूड्रायव्हरचं टोक घातल्याशिवाय ती कधी सुटलेली नाही. बाबा एका हातानं सोडायचे.

"अगं आई, हे दुबई आहे..."

"मग? दुबईत बायका वेगळ्या बाळंत होतात? तुझ्या ताईच्या वेळी बाबांनी किनाऱ्यावरची होडीसुद्धा सोडली होती! वाहत गेली, पोहत जाऊन आणावी लागली. जा आधी!"

सिस्टरना सांगताना लाज वाटली. त्या हसल्या. "जाओ भैया, खोल के आओ. वैसे भी चल-चल के मेरा फ्लोअर घिस रहे हो."

"आणि डब्यांची झाकणं पण काढ रे!" ताई आतून ओरडली.

टॅक्सीत बसताना ठरवून टाकलं – मानत असो वा नसो, ती गाठ आता सोडायचीच. ताई तिकडे हटत नाही, मग मी इकडे का लाजू?

फ्लॅटला कुलूप होतं. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, दुसरी ताईच्या हॉस्पिटलच्या बॅगेत. दार उघडलं. कार्टन जागेवर... त्यावर दोरी नव्हती. ती शेजारी जमिनीवर होती. कापलेली नाही, सोडलेली. आणि नीट गुंडाळलेली, इंग्रजी आठासारखी, टोक मधोमध खोवून. बाबा होडीवर दोर तसाच ठेवायचे. मला ते वेटोळं कधी जमलं नाही. ताईला तर साधी गाठही धड येत नाही.

वॉचमन म्हणतो, कोणी आलं नाही. मित्र म्हणतो, तूच सोडली असशील, टेन्शनमध्ये विसरलास. असेलही... पण स्क्रूड्रायव्हर कपाटात होता तिथेच होता. सुजा सिस्टरना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "डिलिव्हरी में ऐसा होता है, रुकता है, फिर चल पड़ता है." म्हणजे बाळंतपणाचं उत्तर त्यांच्याकडे आहे. दोरीचं मात्र अजून कोणाकडेच नाही.

त्या दुपारी मी दोरीला हात लावला नाही. ओट्याशी गेलो आणि साखरेच्या डब्यापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत एकेक झाकण काढत सुटलो. शेवटचं झाकण हातात असतानाच फोन वाजला. ताईचा नंबर. आधी नुसतं रडणं ऐकू आलं, बारीक, नवंकोरं. मग धापा टाकत ताई –

"मुलगी झाली रे! इथेच, याच खोलीत, उभ्याउभ्या! कुठ्ठे गेले नाही मी!"